भिंतीतली वीट : एका तबकडीची जन्मकथा

कामगार संघटनेत काम करणारा माणूस व्यासपीठावर आला की तो महागाई, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. आम्ही मात्र येथे एका विलायती गाण्याच्या तबकडीविषयी बोलणार आहोत. ‘पिंक फ्लॉइड’ नावाच्या इंग्रज वादकांच्या संचाने १९७९ साली काढलेली ‘अनदर ब्रिक इन द वॉल, भाग दुसरा’ ही ती तबकडी. ‘भिंतीतली आणखी एक वीट’ असा त्या नावाचा सरळ अर्थ. ती कशी ध्वनिमुद्रित झाली, तिच्यात कोणाकोणाचे श्रम पडले, त्या श्रमांचे दाम कोणाला मिळाले आणि कोणाला ते नुसते मागावयासदेखील पंचवीस वर्षे लागली, हे समजून घेतले म्हणजे आम्ही आमच्या नेहमीच्या विषयापासून फारसे दूर गेलेलो नाही हे श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

प्रथम हा संच कोणता ते थोडक्यात सांगितले पाहिजे. रॉजर वॉटर्स, निक मेसन व रिचर्ड राइट या तिघा तरुणांची गाठ लंडनमध्ये वास्तुशास्त्र शिकताना पडली. त्यांना सिड बॅरेट हा चौथा गडी मिळाला आणि १९६५ साली पिंक फ्लॉइड उभा राहिला. बॅरेटचे मन पुढे ठिकाणावर राहिले नाही. १९६८ च्या आरंभी डेव्हिड गिल्मर हा गिटारवादक संचात आला व बॅरेट गेला. त्यानंतर या मंडळींनी जे संगीत केले त्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दावरून आमच्यासारख्यांनी भलतीच आशा धरू नये. हे पुरोगामित्व राजकारणातले नव्हे. तीन मिनिटांच्या प्रेमगीताची चौकट मोडून पंधरा-वीस मिनिटांच्या रचना करणे, अनेक गाणी एका कथासूत्रात ओवणे, नव्या यंत्रांतून नवे नाद काढणे, असा त्याचा अर्थ. या मंडळींची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही १९७३ ची मोठी तबकडी जगात सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक आहे.

मोठी तबकडी म्हणजे लाँग प्ले, मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावणारी. तिच्या उलट ‘सिंगल’ म्हणजे सात इंचांची लहान तबकडी, पंचेचाळीस फेऱ्यांची, बाजूला एकच गाणे. रेडिओवर वाजते ते सिंगल, आणि रेडिओवर जे वाजते तेच पोरेटोरे विकत घेतात, असा त्या धंद्याचा हिशेब होता. आपल्याकडील जुन्या श्रोत्यांना ही ओढाताण अपरिचित नाही. तासभर आळवावयाचा ख्याल अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीसाठी तीन मिनिटांत आटोपताना आपल्या गवयांची जी कसोटी लागली, तीच या इंग्रज मंडळींना नको होती. १९६८ नंतर त्यांनी आपल्या देशात एकही सिंगल काढली नव्हती. आम्ही सिंगल काढत नाही, असे ते अभिमानाने सांगत. अकरा वर्षांनी हा पण मोडला, तो कसा हीच या गाण्याची गोष्ट.

या गाण्याचे बीज १९७७ च्या जुलै महिन्यात पडले. कॅनडातील माँट्रिऑल शहरी ऑलिंपिकच्या प्रचंड क्रीडागारात त्यांचा जलसा चालला होता. पुढच्या रांगेतील गोंगाटाने वॉटर्स इतका चिडला की तो एका श्रोत्यावर थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच शरम वाटली. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत जणू एक भिंत उभी राहिली आहे, ही कल्पना त्या शरमेतून निघाली आणि तीतून ‘द वॉल’ ही दोन तबकड्यांची दीर्घ संगीतकथा तयार झाली. कथेतील नायकाचा बाप युद्धात मेलेला, आई जिवापाड जपून गुदमरवणारी, मास्तर वर्गात टिंगल करणारे. यांतील एकेक दुःख म्हणजे त्याच्याभोवतीच्या भिंतीची एकेक वीट. वॉटर्सचा स्वतःचा बाप १९४४ च्या फेब्रुवारीत इटलीतील अँझिओच्या लढाईत पडला, तेव्हा हा मुलगा पाच महिन्यांचा होता. तो बाप पेशाने शिक्षक होता आणि आईही शिक्षिका. मास्तरांवर इतके जळजळीत गाणे लिहिणारा मास्तरांच्याच घरातला निघावा, यात आम्हांला तरी विसंगती वाटत नाही. कारखान्याचे दोष बाहेरच्यापेक्षा आत वाढलेल्याला अधिक ठाऊक असतात.

‘अनदर ब्रिक’ हे गाणे त्या कथेत तीन तुकड्यांत येते. पहिला तुकडा बापाविषयीचा, दुसरा शाळेविषयीचा, तिसरा जगाशी संबंध तोडण्याचा. आपला विषय दुसरा तुकडा. मूळ रचनेत तो अगदी लहान होता : एक कडवे, एक ध्रुपद, आणि संपले.

आता ध्वनिमुद्रण. लंडनच्या इस्लिंग्टन भागात ब्रिटानिया रो नावाच्या गल्लीत या संचाने चर्चच्या मालकीची एक जुनी इमारत घेऊन स्वतःचा स्टुडिओ बांधला होता. मग हे काम तेथेच का झाले नाही? कारण पैसा. गुंतवणुकीचे काम ज्यांच्यावर सोपविले होते त्यांनी यांची मोठी रक्कम बुडविली होती, आणि त्या काळी इंग्लंडात कमाईवरील आयकराचा सर्वोच्च दर शेकडा ८३ होता. म्हणून ही मंडळी वर्षभरासाठी देशाबाहेर गेली. दक्षिण फ्रान्समध्ये नीस शहराजवळच्या डोंगरात सुपर बेअर नावाचा स्टुडिओ होता, तेथे आणि मिराव्हाल येथे पुष्कळसे मुद्रण झाले. नंतर मुक्काम अमेरिकेत लॉस एंजलिसला हलला. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इंग्लंडात रस्ते झाडणारे, इस्पितळातले, कबरी खणणारे कामगार पगारवाढीसाठी संपावर होते. त्याच देशातले दडपल्या माणसाचे दुःख गाणारे हे गायक त्यानंतर थोड्याच दिवसांत कर चुकवून नव्हे, पण टाळून, भूमध्य समुद्राकाठी बसले होते. गाणे चांगले आहे म्हणून ही गोष्ट झाकून ठेवावी असे आम्हांस वाटत नाही.

असो. कामात मात्र त्यांनी कसूर केली नाही. कॅनडाचा बॉब एझ्रिन हा निर्माता त्यांनी बोलावला, आणि जेम्स गथ्री हा तरुण इंग्रज तंत्रज्ञ ध्वनिमुद्रणासाठी घेतला. गथ्रीच्या कामाची एक युक्ती समजावून सांगण्याजोगी आहे. त्या काळचे ध्वनिमुद्रण दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर होई. फितीच्या रुंदीत शेजारी शेजारी सोळा किंवा चोवीस पट्ट्या, त्यांना ट्रॅक म्हणत. एका ट्रॅकवर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गळा, असे एकेक वाद्य वेगवेगळ्या दिवशीही भरता येई. परंतु फीत यंत्राच्या मुखावरून जितक्या वेळा घासत जाई तितकी झिजे, आणि झिजताना प्रथम जातात ते बारीक, तीक्ष्ण नाद. झांजेची किणकिण मंद होई, ढोलाचा ठोका बोथट होई. शिवाय चोवीस ट्रॅकांची पट्टी अरुंद, तर सोळांची रुंद. रुंद पट्टीवर नाद भरदार उमटतो. गथ्रीने ढोल आणि खर्जाची गिटार सोळा ट्रॅकांच्या फितीवर घेतली, त्यांची एक मिश्र नक्कल चोवीस ट्रॅकांच्या फितीवर उतरविली, आणि मूळ फीत बंद करून ठेवून दिली. पुढचे सारे महिने गायक-वादक काम करीत राहिले ते नकलेवर. शेवटी दोन्ही यंत्रे एका चालीने चालवून, झिजलेल्या नकलेच्या जागी मूळ ताजे ढोल जोडले. मूळ दस्तऐवज कपाटात ठेवून कचेऱ्यांत नक्कल फिरवावी, तशातलाच हा प्रकार. त्या गाण्यातील ढोलाचा ठोका आजही जो खणखणीत ऐकू येतो त्याचे कारण हे आहे.

ठोक्यावरून आठवले. हा ठोका मूळचा या मंडळींचा नव्हे. त्या वर्षांत नाचघरांतून ‘डिस्को’ संगीताचा सुकाळ झाला होता. सरळ, न थांबणारा, घड्याळासारखा ठोका, मिनिटाला शंभर-सव्वाशे, नाचणाऱ्याचा पाय चुकू नये असा. एझ्रिनने गिल्मरला सांगितले की नाचघरांत जा आणि हे ऐकून ये. गिल्मर गेला, ऐकून आला, त्याला ते मुळीच आवडले नाही. तरीही मिनिटाला सुमारे शंभर ठोक्यांची ती चाल त्या शाळेच्या गाण्याला लावण्यात आली, आणि गंमत अशी की ती चपखल बसली. मुलांना रांगेत चालविणाऱ्या शाळेविषयीचे गाणे यंत्रासारख्या ठोक्यावर चालावे, यात अर्थ आपोआप आला. यंत्रमागाच्या आवाजात आयुष्य गेलेली माणसे आमच्या ओळखीची आहेत. त्यांना हा ठोका ऐकवावा, त्यांना तो काय सांगतो आहे ते शब्दांवाचून समजेल.

ठोका बसल्यावर एझ्रिनच्या धंदेवाईक कानाला कळले की हे गाणे रेडिओवर चालणार. त्याने एक कडवे वाढवा असा आग्रह धरला. उत्तर ठरलेले होते. मग त्याने त्यांच्या माघारी काम केले. मंडळी नसताना त्याने फितीची नक्कल काढली, त्याच कडव्याची व ध्रुपदाची दुसरी प्रत केली, ढोलाचा एक तुकडा उचलून मध्ये सांधा म्हणून बसविला, आणि शेवट लांबविला. दुसरे कडवे म्हणून पहिलेच पुन्हा येत होते, म्हणजे गाणे लांब झाले, पण त्यात नवे काही आले नाही. तेव्हा त्याला मुले आठवली. सात वर्षांपूर्वी, १९७२ साली, अलिस कूपर या गायकाच्या ‘स्कूल्स आउट’ या शाळेच्याच गाण्यात त्याने मुलांचे आवाज घातले होते. त्याने अमेरिकेतून फीत लंडनला पाठविली आणि ब्रिटानिया रो येथील निक ग्रिफिथ्स या तंत्रज्ञाला निरोप दिला : हेच कडवे मुलांकडून गाऊन घे, सगळे ट्रॅक भर, आवाज सर्व थरांतले असू देत.

ग्रिफिथ्सने काही फार शोधाशोध केली नाही. स्टुडिओच्या जवळच इस्लिंग्टन ग्रीन ही सरकारी शाळा होती. तेथे संगीत शिकविणारे ॲलन रेनशॉ हे गृहस्थ चाकोरीबाहेरचे होते. दोन-तीन मुले पुरतील अशी मूळ सूचना असताना ग्रिफिथ्सने अख्खा वर्ग घेण्याचे ठरविले. रेनशॉ आनंदाने तयार झाले. मात्र गाण्याचे शब्द त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना दाखविले नाहीत, कारण दाखविले असते तर परवानगी मिळाली नसती अशी त्यांना धास्ती होती. एक आठवडाभर वर्गात सराव करून तेवीस मुले स्टुडिओत गेली. तेरा ते पंधरा वयाची, लंडनच्या साध्या वस्तीतली. गोड गायचे नव्हते. मधल्या सुट्टीत अंगणात ओरडतात तसेच ओरडायचे होते. ते त्यांना चांगलेच साधले. त्याच कडव्याची त्यांच्याकडून पुनःपुन्हा आवर्तने करून घेतली व ती एकावर एक रचली. तेवीस गळ्यांची त्यामुळे शेकडो मुलांची सभा झाली. यालाच ते ‘ओव्हरडब’ म्हणतात. विटेवर वीट रचण्याचाच हा प्रकार, फरक इतकाच की येथे प्रत्येक वीट तीच.

फीत परत अमेरिकेत पोचली. एझ्रिनने ती वॉटर्सला ऐकविली. एझ्रिन सांगतो की ऐकताना वॉटर्सचा चेहरा एकदम निवळला, आणि हे महत्त्वाचे काम झाले आहे हे त्याला उमगले. खरोखरच, पहिल्या कडव्यात मोठी माणसे जे कुरकुरत म्हणतात तेच दुसऱ्या कडव्यात मुले छाती पुढे काढून म्हणतात, आणि तक्रारीची मागणी होते. आमच्या सभांतून आम्ही हे पाहिले आहे : पुढाऱ्याने म्हटलेले वाक्य आणि मागच्या रांगेने म्हटलेले तेच वाक्य ही दोन वेगळी वाक्ये असतात.

त्यानंतर गिल्मरचे गिटारवादन येते. त्याविषयी थोडेच सांगतो. त्याची गिटार १९५५ सालची, सोनेरी मुलाम्याची गिब्सन लेस पॉल. ती ध्वनिवर्धकासमोर न वाजविता तिची तार थेट मिश्रणाच्या मेजाला जोडून वाजविली आणि नंतर तो नाद ध्वनिवर्धकातून काढून त्याला धार आणली. डिस्कोच्या कोरड्या ठोक्यावर हे वादन विलंबित बडबडीसारखे मोकळे फिरते. ज्याला डिस्को आवडला नाही त्यानेच त्या ठोक्यावर सर्वांत सुंदर काम केले.

१९७९ च्या नोव्हेंबरात सिंगल बाजारात आली आणि डिसेंबरात इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन पाच आठवडे तेथे राहिली. नाताळातली पहिली आणि त्या दशकातली शेवटची पहिली, असा दुहेरी मान तिला मिळाला. १९८० च्या वसंतात अमेरिकेतही ती चार आठवडे पहिली होती. सिंगल न काढणाऱ्या संचाचे दोन्ही देशांतले पहिल्या क्रमांकाचे सिंगल ते हेच एक. तेथे ‘पंक’ नावाची उद्दाम पोरांची लाट नुकतीच येऊन गेली होती व पिंक फ्लॉइड म्हणजे म्हाताऱ्यांचे संगीत असे ती म्हणत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे माप कळते.

गदारोळही तितकाच झाला. लंडनच्या शिक्षण खात्याने गाण्याचे शब्द लाजिरवाणे ठरविले. वर्तमानपत्रवाल्यांनी शाळेला वेढा घातला. मुख्याध्यापिकाबाईंनी, आपल्याला मागाहून कळले हे आवडले नाही, पण एकंदरीत मुलांच्या समृद्ध संगीतशिक्षणाचाच हा भाग होता, असा समंजस निर्वाळा दिला, तो त्यांच्या मोठेपणाचा समजावा. शिक्षण नको असे सांगणाऱ्या ओळीतच दोन नकार एकापाठोपाठ येतात व शुद्ध व्याकरणाने त्याचा अर्थ ‘शिक्षण हवे’ असा होतो, यावर पंडितांनी पुष्कळ विनोद केले. पण लंडनच्या गल्लीत तसेच बोलतात, आणि बोलणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे याविषयी गल्लीत कोणालाही संशय पडत नाही.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बहुजनांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले, त्या महाराष्ट्रात शिक्षण नको हे शब्द कानाला खुपतात. ज्यांना शाळेची पायरी वेळेवर चढता आली नाही, ज्यांनी पाळी संपल्यावर रात्री कंदिलाखाली अक्षरे गिरविली, त्यांना तर ते अधिकच खुपतात, आणि आम्ही त्यांच्यापैकीच आहोत. शाळेचा कंटाळा ही ज्याला शाळा मिळाली त्याची चैन आहे, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तेवढ्यावर थांबले तर गाणे समजले नाही असे मात्र होईल. त्याचा रोख शाळेवर नसून मुलाला सर्वांदेखत लाजविणाऱ्या, त्याच्या विचारांवर पहारा बसविणाऱ्या शाळेवर आहे. ही भेदरेषा पुस्तकात शोधण्याचे कारण नाही. ती दक्षिण आफ्रिकेत मुलांनीच रस्त्यावर आखून दाखविली.

तेथील गोऱ्या सरकारने १९५३ चा बांटू शिक्षण कायदा करून काळ्या मुलांना हमाली-मजुरीपुरते शिक्षण द्यावयाचे असे धोरणच ठरविले होते. १९७६ साली सोवेटोत याच शिक्षणाविरुद्ध उठलेल्या मुलांवर गोळ्या चालल्या. १९८० च्या एप्रिलमध्ये केप टाउन भागातील काळ्या व मिश्रवर्णी मुलांनी शाळांवर बहिष्कार घातला, तो इतरत्र पसरला, आणि मोर्च्यांतून हे लंडनच्या मुलांनी गायलेले गाणे ऐकू येऊ लागले. मे महिन्याच्या आरंभी सरकारने गाण्यावर बंदी घातली. ती मुले शिक्षणाच्या विरुद्ध होती काय? त्यांना गोऱ्या मुलांइतकेच चांगले शिक्षण हवे होते. त्यांनी त्या दोन नकारांचा व्याकरणशुद्ध अर्थ प्रत्यक्षात आणला असे म्हटले तरी चालेल.

आता हिशेबाकडे वळू. एका तबकडीत तीन प्रकारचे हक्क असतात. शब्द आणि चाल ज्याची तो लेखक, त्याचा एक. तबकडी काढणाऱ्या कंपनीचा दुसरा. आणि प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचा तिसरा. या गाण्यावर लेखक म्हणून नाव एकट्या वॉटर्सचे आहे. गिल्मरचे ते गिटारवादन ज्याच्यासाठी लोक तबकडी पुन्हा लावतात, त्यालाही लेखकाच्या हक्कातला वाटा नाही. ठोका सुचविणाऱ्याला नाही, कडवे वाढविणाऱ्याला नाही. संचातील मंडळींना व निर्मात्याला निदान त्यांच्या करारांप्रमाणे विक्रीवर काही टक्के होते. मुलांना काय मिळाले? जलशाची तिकिटे, एक मोठी तबकडी, एक सिंगल. शाळेला एक हजार पौंड. करार काही नाही.

यात कोणी दुष्टपणा केला असे आम्ही म्हणत नाही. घाईचे काम होते, मुले खुषीने गायली, शाळेला देणगी मिळाली. पण धंद्यात बेकायदा काही न होताही माणूस नागविला जातो, आणि तो असाच हसतखेळत नागविला जातो. इंग्लंडात वादकांची संघटना १८९३ पासून आहे. तिच्या सभासदाला स्टुडिओत बोलाविले तर तीन तासांच्या बैठकीचे दर ठरलेले असतात. शाळेतली मुले सभासद नव्हती, म्हणून दरही नव्हता. याची दुसरी बाजूही झाकता येत नाही. गाण्याचे चित्रीकरण करावयाचे ठरले तेव्हा या मुलांना त्यात घेता आले नाही, कारण नटांची संघटना जी ‘इक्विटी’ तिचे सभासदपत्र त्यांच्यापाशी नव्हते. दुसऱ्याच मुलांनी त्यांच्या आवाजावर तोंडे हलविली. मोबदला मिळवून द्यावयास संघटना नव्हती, दाराशी अडवावयास मात्र होती. संघटनेच्या नियमांचे समर्थन करण्यात आमची हयात गेली. तरीही ज्यांचा आवाज आहे त्यांनाच बाहेर ठेवणारा नियम पुन्हा वाचून पाहावा असे आम्ही आमच्या सहकाऱ्यांना सांगू.

पगार आणि नफा यांविषयीचा आणखी एक प्रसंग याच तबकडीच्या काळातला आहे. मुद्रण चालू असतानाच संचाचा संस्थापक रिचर्ड राइट याला वॉटर्सच्या आग्रहावरून संचातून काढण्यात आले. पण १९८० व ८१ साली लॉस एंजलिस, न्यूयॉर्क, लंडन व डॉर्टमुंड येथे ‘द वॉल’चे जे प्रयोग झाले त्यांसाठी पेटी-पियानोवाला तर हवा. तेव्हा त्यालाच ठरावीक वेतनावर ठेवून घेतले. म्हणजे कालचा भागीदार आज नोकर. प्रयोगात रंगमंचावर रोज खरीखुरी भिंत उभारून रोज पाडावयाची, त्याचा खर्च इतका झाला की प्रयोग तोट्यात गेले. तो तोटा तिघा मालकांनी सोसला. पदरात काही पडले ते पगारी माणसाच्या.

मुलांच्या बाबतीत कायदा बदलावा लागला. १९९६ साली युरोपीय धोरणाला अनुसरून ब्रिटनमध्ये असा नियम झाला की प्रकाशित तबकडी रेडिओवर अगर सार्वजनिक जागी वाजली तर तीत गाणाऱ्या-वाजविणाऱ्या प्रत्येकाला योग्य मोबदला मिळाला पाहिजे, मग त्याच्याशी करार असो वा नसो. हा मोबदला विक्रीवरचा नव्हे, वाजण्यावरचा. तरी तत्त्व मोठे आहे : हक्क कागदाला चिकटलेला नसून श्रमाला चिकटलेला आहे. आपल्याकडे हाच प्रश्न १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांच्या वतीने उभा केला होता. महंमद रफींचे मत वेगळे पडले व काही वर्षे दोघे एकत्र गायली नाहीत, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. भारताच्या कायद्यात कलावंताचा स्वतंत्र हक्क १९९४ साली आला आणि त्याच्या स्वामित्वधनाची स्पष्ट तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने झाली.

पण कायद्यात हक्क येणे आणि हक्कदाराच्या हातात पैसे येणे यांत अंतर असते. मोबदला मागावयाचा तर मी तेथे गायलो होतो हे प्रत्येकाने आपल्या नावाने सांगावे लागते. करार झालेला नव्हता. मुले शाळा सोडून, लग्ने करून, पत्ते बदलून चोहीकडे पांगली होती. रेनशॉ मास्तर तर ऑस्ट्रेलियात गेले होते. आमच्या धंद्यात ज्याला मस्टर म्हणतात त्याचे महत्त्व येथे कळते. एका कारखान्यात नऊ वर्षे राबलेल्या चाळीस कंत्राटी कामगारांचा दावा आम्ही लढविला. मालकाने त्यांना मस्टरवर कधी घेतलेच नव्हते. शेवटी दुपारच्या चहाच्या उधारीची वही आम्ही पुराव्यात दिली, कारण कोणत्या दिवशी कोण कामावर होता हे त्या वहीखेरीज कोठेच लिहिलेले नव्हते. लंडनच्या प्रकरणात ते काम पीटर रोवन या स्वामित्वधनाची वसुली करणाऱ्या अडत्याने केले. जुन्या शाळासोबत्यांना गाठून देणारे ‘फ्रेंड्स रीयुनायटेड’ नावाचे एक संगणकीय स्थळ त्या वेळी इंग्लंडात चालत असे. त्यावरून व इतर मार्गांनी त्याने त्या वर्गातील मुले एकेक करून शोधली, आणि २००४ साली कलावंतांच्या मोबदल्याची वाटणी करणाऱ्या संस्थेकडे त्यांचा दावा दाखल झाला. तेव्हा ती मुले चाळिशीला टेकली होती.

ज्या शाळेची ती होती ती इस्लिंग्टन ग्रीन शाळा २००८ साली बंद झाली, आणि तिच्या जागी दुसऱ्या नावाची नवी शाळा सुरू झाली.